कसरत कोणाची, कौतुक कोणाचे?

राज्याचा अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत अर्थमंत्र्यांच्या ‘तारेवरच्या कसरती’चे वर्णन हमखास येते. एखाद्या आमदाराने रातोरात पक्ष बदलला की त्याने ‘कोलांटउडी’ मारली असे म्हटले जाते. सभागृहात गोंधळ माजला की ‘डोंबाऱ्याचा खेळ’ चालला असल्याची टीका होते. मराठी राजकीय भाषेचे हे तीन आवडते वाक्प्रचार एकाच समाजाच्या अंगणातून उचललेले आहेत, आणि त्या समाजाला मात्र आजवर स्वतःचे अंगण मिळालेले नाही. शब्दांच्या ह्या उसनवारीत आणखी एक गफलत आहे. अर्थमंत्री तारेवरून घसरला तर फार तर त्याचे खाते बदलते. डोंबाऱ्याची पोर दोरीवरून घसरली तर तिच्या पाठीचा कणा मोडतो. जी कसरत खरोखर केली जाते ती उपहासाला पात्र ठरावी, आणि जी केवळ अलंकारिक आहे ती कर्तबगारीत जमा व्हावी, हा न्याय भाषेने एकटीने ठरवलेला नाही. तो समाजाने आधी ठरवला आणि भाषेने नंतर नोंदवून घेतला.

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावापासून थोड्याच अंतरावर नाणेघाटाची पायवाट चढू लागते. सातवाहनांच्या काळापासून कोकणची बंदरे आणि जुन्नर ह्यांना जोडणारा हा व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावर दगडी रांजण आजही उभा आहे आणि जकातीची नाणी त्यात टाकली जात असे सांगतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर अशा वाटांवरून पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक वर्ग चालत आला. त्याच्यापाशी विकण्याजोगा माल नव्हता, होते ते केवळ अंगचे कसब. आज घाटातून मोटारी जातात, परंतु बांबू, दोर, ढोलके आणि पालाचे सामान घेऊन हिंडणारी बिऱ्हाडे अजून संपलेली नाहीत. भात झोडून झाले, सुगी आटोपली, खेडुताच्या हाती चार पैसे खुळखुळू लागले की बाजारांच्या आणि यात्रांच्या गावी खेळकरी उतरतात. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातच म्हशाची मोठी यात्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, तमाशाचे तंबू, आकाशपाळणे असा तिचा थाट. अशा यात्रांच्या कडेला, तिकिटाच्या खेळांपासून दूर, जिथे जागेचे भाडे मागायला कोणी येत नाही अशा मोकळ्या तुकड्यावर डोंबारी आपला दोर ताणतो.

तो दोर कसा ताणला जातो हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, कारण गर्दी जमते ती खेळ सुरू झाल्यावर. दोन-दोन बांबू कैचीसारखे एकमेकांत अडकवून त्यांच्यावरून दोर घेतला जातो आणि दोन्ही टोके लांबवर जमिनीत ठोकलेल्या मेखांना आवळली जातात. माती भुसभुशीत असेल तर मेख किती खोल आणि कोणत्या कोनात ठोकावी, ऊन चढले की दोर किती सैल पडतो, गाठ कोणती मारली म्हणजे ती ताणाबरोबर अधिक घट्ट होते, हे सारे बाप डोळ्यांनी आणि हातांनी जाणतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ह्यासाठी बलांची आकृती काढावी लागेल. इथे आकृती नाही आणि चुकीला मुभाही नाही, कारण वर चढणार आहे ती स्वतःची मुलगी.

मुलगी चढते. हातात आडवी धरलेली लांब काठी ही शोभेची वस्तू नसते. काठीचे वजन शरीरापासून दूर, दोन्ही बाजूंना पसरलेले असल्यामुळे शरीर एका बाजूला कलू लागले तरी ते सावकाश कलते, आणि त्या मिळालेल्या क्षणभरात तोल सावरता येतो. काठीची टोके खाली वाकलेली असतील तर एकंदर भारही खाली येतो आणि तोल अधिक पक्का होतो. पाय दोरीवर आडवा पडत नाही. तो दोरीच्या रेषेतच पडतो आणि अंगठा व शेजारचे बोट ह्यांच्या बेचक्यात दोर धरला जातो. नजर पायांकडे नसते. ती समोरच्या कैचीच्या टोकावर खिळलेली असते, कारण डोळ्यांना एक अचल बिंदू मिळाला की कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला साक्ष मिळते. आणि मुख्य गोष्ट अशी की दोरीवरचा माणूस कधीही स्थिर नसतो. पाहणाऱ्याला तो स्थिर वाटतो. प्रत्यक्षात घोटा, गुडघा, कंबर आणि खांदे एकसारखे, बारीक बारीक दुरुस्त्या करीत असतात. नवशिका पडतो तो उशिरा आणि मोठी दुरुस्ती करतो म्हणून. मुरलेला खेळकरी चूक होण्यापूर्वीच ती सुधारतो. हे ज्ञान शब्दांत सांगता येत नाही, सरावानेच अंगात उतरते, आणि सांधे लवचीक असतात त्या वयात उतरले तर कायमचे राहते.

खाली ढोलके वाजवणारी आई गर्दी खेचण्यासाठी वाजवते, हा पाहणाऱ्यांचा समज अर्धाच खरा आहे. ठेक्यावर पाऊल पडते. ठेका बदलला की वरच्या मुलीला पुढचा प्रकार कळतो: आता पायाखाली थाळी घ्यायची, आता सायकलच्या चाकाची कडी, आता गुडघ्यांवर. सर्वांत अवघड क्षणी ढोलके थांबते. प्रेक्षक तेव्हा श्वास रोखतात, आणि नेमक्या त्या स्तब्धतेत थाळी फिरवली तर नाणी अधिक पडतात हेही आईला ठाऊक असते. बाप दोराच्या बाजूने चालत राहतो. त्याची बडबड प्रेक्षकांसाठी असते आणि डोळे मुलीच्या घोट्यांवर. ती घसरली तर कोणत्या बाजूने झेप घ्यायची हे त्याने प्रत्येक पावलाला आधीच ठरवलेले असते. शहरातील बंदिस्त रंगमंदिरात ज्याला दिग्दर्शन, संगीत, सुरक्षा आणि वसुली अशी चार खाती लागतात, ते काम इथे तीन माणसांचे एक कुटुंब उघड्यावर करते. पडावे कसे हेही त्या मुलीला चालण्याच्या आधी शिकवलेले असते. भीती नाहीशी झालेली नसते. भीतीला शिस्त लावलेली असते.

ह्या कसबाला ‘उपजत’ म्हणण्याची एक सोयीस्कर रीत रूढ आहे. डोंबाऱ्याचे पोर जन्मतःच दोरीवर चालते, असे कौतुकाने म्हटले की त्यामागची दहा वर्षांची मेहनत, उपाशीपोटी केलेला सराव आणि मुरगळलेले पाय हिशेबातून वगळता येतात. गवयाच्या रियाजाची गणती तासांत होते आणि खेळकऱ्याच्या रियाजाची गणती जातीत होते. कष्टकऱ्यांच्या कौशल्याकडे पाहण्याची ही खोड केवळ डोंबाऱ्यापुरती नाही. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत मार्चनंतर विहिरींचे तळ दिसू लागतात. भातसा आणि तानसा ह्यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. ह्या पाड्यांवरच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायका डोक्यावर दोन-तीन हंडे रचून, हात मोकळे ठेवून, खडकाळ उतारावरून थेंब न सांडता चालतात. मान ताठ, नजर समोर, घोटे सतत सावध: दोरीवरच्या मुलीचे सारे तंत्र त्यांच्या चालण्यात आहे. तिच्यासाठी निदान टाळ्या वाजतात. ह्यांच्या कसरतीला कोणी कसरतही म्हणत नाही. अकुशल मजूर म्हणून त्यांची रोजगार हमीवर नोंद होते. श्रमाला कुशल आणि अकुशल अशा दोन पट्ट्यांत विभागणारा कारकून कधी डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरला असता तर त्या पट्ट्या बदलल्या असत्या.

शरीराच्या कसरतीचा महाराष्ट्राला तिटकारा आहे असे मात्र मुळीच नाही. उलट त्याचा मोठा अभिमान बाळगला जातो. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात सापडतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ह्या विद्येचे पुनरुज्जीवन केले. गुळगुळीत लाकडी खांबाला एरंडेल चोळून त्यावर अढी, तेढी, फरारा, सुईदोरा असे प्रकार करणारी मुले-मुली आज देशभर नाव कमावीत आहेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगापुढे मांडले. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांब परदेशांत पोचवला आणि उदय देशपांडे ह्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारने क्रीडा कोट्यातून नोकरभरती करण्यासाठी २०२० साली जी वाढीव यादी केली तीत मल्लखांब आहे. हे सर्व योग्यच झाले आणि त्याबद्दल कोणाच्या मनात आकस असण्याचे कारण नाही.

दहीहंडीचे उदाहरण तर ठाणे जिल्ह्याच्या घरचेच. २०१२ साली ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम केला. गिरणगावातील आणि उपनगरांतील कामगारांच्या मुलांनी उभा केलेला हा मनोरा म्हणजे सामूहिक कसबाचा उत्तम नमुना होय. सर्वांत वरच्या मुलाचे छायाचित्र छापून येते आणि सर्वांत खालच्या थरातील माणसाचे तोंडही दिसत नाही, परंतु त्याच्या खांद्यांनी एक क्षण ढिलाई केली तर नऊच्या नऊ थर जमिनीवर येतात. ह्या खेळात अपघात झाले, प्रकरण न्यायालयात गेले, उंची आणि वय ह्यांवर बंधने आली, त्यांतली काही पुढे उठली. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदाचा मृत्यू झाल्यास दहा लाख, दोन अवयव निकामी झाल्यास साडेसात लाख, आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ. वर्षातून एकदा थरावर चढणाऱ्याला मिळालेले हे संरक्षण रास्त आहे. मग वर्षातील दोनशे दिवस दोरीवर चढणाऱ्याला ते का नाही? त्याचा खेळ कमी साहसी आहे काय? तो कमी जुना, कमी मराठी आहे काय? दहीहंडीमागे मंडळे आहेत, मंडळांमागे फलक आहेत, फलकांवर नेत्यांची छायाचित्रे आहेत. डोंबाऱ्याच्या दोरीवर फलक लावायला जागा नसते आणि त्याचे मत कोणत्या मतदारसंघात आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

डोंबाऱ्याला कायद्याने अगदीच विसरले असे मात्र म्हणता यायचे नाही. कायद्याला त्याची आठवण आहे, पण ती वेगळ्या कारणासाठी. १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि गावाबाहेर हिंडणाऱ्या असंख्य जमातींच्या कपाळी जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. देश स्वतंत्र झाल्यानंतर पाच वर्षांनी हे लोक स्वतंत्र झाले. पुढे १९५९ साली मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यातील भिक्षेच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे अशा कोणत्याही निमित्ताने पैसे मागणे हेही येते. म्हणजे सभागृहात तिकीट लावून केली ती कला आणि चौकात थाळी फिरवून केली ती भीक. शिक्षा पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली हा कायदा दिल्लीपुरता बऱ्याच अंशी घटनाबाह्य ठरवला. ज्या महाराष्ट्रात तो जन्मला तिथे तो रद्द करावा असे एकाही सरकारला वाटले नाही.

आता मुलांचा प्रश्न. तो टाळून डोंबाऱ्याची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोरीवर चढणारी मुलगी सहा-सात वर्षांची असते आणि त्या वेळी ती शाळेत असायला हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तसा तिचा अधिकार मान्य केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यावर बंदी घालण्याचा आदेश दिला. सर्कशींत मुलांचे हाल होत होते आणि बंदी आवश्यकच होती. परंतु २०१६ च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्ती वाचण्यासारखी आहे. चित्रपट, जाहिराती, दूरचित्रवाणीच्या मालिका आणि अशा इतर करमणुकीत मुलांना कलावंत म्हणून काम करण्याची सवलत तिने दिली आणि त्याच वाक्यात सर्कस तेवढी वगळली. रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या झोतात नाचणारे सुखवस्तू घरातील मूल ‘बालकलाकार’ ठरले. दोरीवरचे मूल अगतिक बालमजूर ठरले. वस्तुतः दोघांनाही झोप, शाळा आणि खेळ सारखेच हवेत. मुलाची जोखीम मोजण्याचे माप आईबापांच्या मिळकतीप्रमाणे बदलणार असेल तर तो बालहक्कांचा कायदा कसला?

ह्यावर एक आक्षेप समाजवादी कार्यकर्त्यांकडूनच येतो आणि तो वजनदार आहे. जातीने लादलेला धंदा ही गुलामगिरी आहे. तिचे जतन कसले करायचे? डोंबाऱ्याच्या मुलाने डोंबारी न होणे हीच प्रगती. डॉ. किशोर शांताबाई काळे ह्यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली प्रसिद्ध झाले. कोल्हाटी समाजातील स्त्रीच्या कलेवर घरचे आणि बाहेरचे पुरुष कसे पोसले जातात आणि त्या कलेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्या आयुष्याकडे कशी पाठ फिरवली, हे ज्यांनी त्यात वाचले आहे ते लोककलेच्या जपणुकीची भाषा सहजासहजी बोलणार नाहीत. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. जतन करायचे आहे ते कसबाचे, त्या कसबाभोवती आवळलेल्या जातीच्या फासाचे मुळीच नाही. दोर डोंबाऱ्याच्याच पोरीने चढावा असा आग्रह अन्यायाचा आहे. तो दोर कोणाही पोरीला शाळेच्या पटांगणात चढता यावा, खाली जाळी असावी, आणि शिकवणारा मात्र ज्याला खरोखर येते तो डोंबारी असावा आणि त्याला त्याचा पगार मिळावा, अशी मागणी करता येते.

कसब जातीतून बाहेर काढता येते ह्याचा दाखला महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी असलेले अश्वविद्यातज्ज्ञ विष्णुपंत छत्रे ह्यांनी एका इटालियन सर्कशीचे आव्हान स्वीकारले आणि २० मार्च १८८० रोजी मुंबईत आपल्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ केला. पुढे दौऱ्यावर असताना मलबारातील तलश्शेरीला त्यांची कीलेरी कुञ्ञिकण्णन ह्या व्यायामशिक्षकाशी गाठ पडली. कुञ्ञिकण्णन ह्यांनी १९०१ साली सर्कशीची शाळा काढली. तिच्यातून निघालेल्या शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी पुढील अर्धशतकात देशभरच्या सर्कशी उभ्या केल्या. मोकळ्या शाळेत, गुरूच्या देखरेखीखाली कसब शिकवले तर ते कोणत्या जातीचे राहत नाही, हे तिने दाखवले. सरकारी पातळीवर मात्र धरसोड झाली. केरळ सरकारने तलश्शेरीला २०१० साली सर्कस अकादमी काढली आणि काही वर्षांतच ती बंद पडली. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वले, माकडे ह्यांचे खेळ थांबले, ते योग्यच झाले. त्यानंतर सर्कशीत उरला तो माणूस, आणि त्या माणसासाठी कोणतीही योजना आली नाही.

बाहेरच्या जगात काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. रशियात क्रांतीनंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली, सर्कशी सरकारच्या ताब्यात आल्या आणि १९२७ साली मॉस्कोत सर्कशीचे सरकारी विद्यालय सुरू झाले. चीनमध्ये हपै प्रांतातील वूछ्याव ह्या गरीब जिल्ह्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या कसरतीचे खेळ करीत दारोदार हिंडत. १९४९ नंतर त्या विद्येला रंगभूमीची प्रतिष्ठा मिळाली, १९५० साली राष्ट्रीय पथक स्थापन झाले आणि ज्यांना रस्त्यावरचे भटके म्हणून हिणवले जाई ते परदेशांत देशाचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्या राजवटींनी माणसाच्या तोंडाला कुलूप घातले हे भारतातील समाजवाद्यांनी कधी लपवलेले नाही, आणि त्या विद्यालयांतील मुलांवरची शिस्त कठोर होती हेही खरे. तरीही एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्याजोगी आहे. त्यांनी कसरतीला श्रम मानले, आणि श्रम मानल्यावर शिक्षण, वेतन, निवृत्ती हे प्रश्न आपोआप पुढे आले. कसरत करणाऱ्याचे शरीर ऐन उमेदीत थकते. चाळिशीतला खेळकरी म्हातारा असतो. त्या वयात त्याला शिक्षक करण्याऐवजी भिकारी करणारी व्यवस्था नुसती निर्दयच नाही, ती उधळीही आहे, कारण एवढे घडलेले ज्ञान ती रस्त्याच्या कडेला टाकून देते.

महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळा आहेत, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ पट्ट्यातही आहेत. ह्या शाळांच्या पटांगणांत मल्लखांबाचा एक खांब, एक दोर आणि एक जाळी उभी करण्यास फार मोठा निधी लागत नाही. उंच झाडांवर आणि कड्यांवर सहज चढणारी कातकऱ्यांची आणि ठाकरांची मुले तिथे शिकतात. त्यांना शिकवण्यासाठी पदवीधारक व्यायामशिक्षक मिळत नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षे चालू राहते. ज्याच्या बोटांत विद्या आहे तो यात्रेच्या कडेला बसलेला असतो आणि त्याच्यापाशी प्रमाणपत्र नसते. अनुभवी खेळकऱ्याची परीक्षा घेऊन त्याला मानधनावर प्रशिक्षक नेमण्याचा नियम करणे अवघड नाही. भिक्षा प्रतिबंधक कायद्यातून खेळ करणाऱ्यांना वगळणे आणि साहसी खेळाच्या विम्यात प्रौढ खेळकऱ्यांचा समावेश करणे ही दोन कामे तर एका अधिवेशनात होण्यासारखी आहेत. राज्यकर्त्यांनी मनात आणले तर दहीहंडीचा निर्णय सणाच्या आदल्या दिवशी होऊ शकतो, हे सर्वांनी पाहिलेच आहे.

आयोगांची वाण नाही. बाळकृष्ण रेणके ह्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला आणि देशातील भटक्या-विमुक्तांची संख्या १० कोटी ७४ लाख असल्याचा अंदाज मांडला. त्यानंतर भिकू रामजी इदाते ह्यांच्या आयोगाने पुन्हा तीच वणवण केली. २०२२ साली केंद्राने पाच वर्षांसाठी दोनशे कोटी रुपयांची योजना जाहीर केली. दहा कोटी माणसांत पाच वर्षांच्या दोनशे कोटींची वाटणी केली तर माणशी वर्षाला चार रुपयेही येत नाहीत. डोंबाऱ्याच्या थाळीत एका खेळाला ह्याहून अधिक पडतात. ही चेष्टा संसदेत कोणी विचारल्याशिवाय थांबणार नाही, आणि संसदेत विचारायला मते लागतात, मतांना नोंद लागते.

नोंदीचेच घोडे अडलेले आहे आणि तिथे पक्षाच्या तालुका शाखांना सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. भटक्या जमातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याची व्याख्याच भटका अशी आहे त्याने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आपला आजा एका जागी राहत होता हे सिद्ध करायचे! कागद नसेल तर गृहचौकशी करून दाखला देण्याची सोय आहे, पण घर नसलेल्याची गृहचौकशी कोणी करावी, असा प्रश्न तहसील कचेरीत हसत विचारला जातो. पुढच्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. भटक्या-विमुक्तांना तीत स्वतंत्र रकाना असावा ही मागणी त्यांच्या संघटनांनी लावून धरली आहे. रकाना मिळो वा न मिळो, प्रगणक पालापर्यंत पोचलाच नाही तर रकान्याचा उपयोग नाही.

मुरबाड-शहापूरच्या कार्यकर्त्यांनी म्हशाच्या यात्रेत आणि टोकावडे, वैशाखरे ह्या बाजूच्या रस्त्यालगत उतरणाऱ्या प्रत्येक पालावर जाऊन कुटुंबांची यादी करावी. कोणते बिऱ्हाड दरवर्षी कोणत्या गावी थांबते, तिथल्या जुन्या शाळेच्या पटावर कोणाचे नाव आहे काय, पोलीस पाटलाच्या जुन्या दप्तरात हजेरी लागलेली आहे काय, हे शोधावे. ज्या हजेरीने आज्याला संशयित ठरवले तिच्यावरून नातवाला दाखला मिळत असेल तर तो मिळवून द्यावा. ग्रामसभेत रहिवासाचा ठराव मांडावा आणि मुलांची नावे जवळच्या आश्रमशाळेत घालण्यासाठी मुख्याध्यापकांकडे स्वतः जावे. हे काम पावसाळ्यात होणार नाही. मृगाच्या सरी आल्या की बिऱ्हाडे आपापल्या वाटेने निघून जातात आणि पुढची सुगी आटोपेपर्यंत ह्या रस्त्याला ढोलके ऐकू येत नाही. यात्रेच्या पौर्णिमेपासून मोजले तर हाती राहतात ते जेमतेम पाच महिने.